ठेवते हां, म्हणायचीस आणि ठेवायची नाहीस

खाला, तुझ्या मयतीला मी आलो होतो, पण तुला माती द्यायला कबरस्तानात आलो नाही. गावानं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी नदीवरच्या साकवापाशी एकानं मला हटकलंच, "काय साहेब, आमच्या खालाला मूठभर माती द्यायला पण सवड नाय झाली?" मी खाली बघत पुढं गेलो. मी तुझ्याच घरात, तुझ्या खिडकीतल्या फोनपाशी बसलो होतो, हे त्याला तिथं उभ्या उभ्या काय सांगणार. तुला सांगतो. तुला ते लगेच कळेल, आणि वर एक टोमणाही मारशील.

तुझा चाळिसावा अजून व्हायचा आहे. महाडच्या एका साप्ताहिकानं हलिमाबींविषयी चार ओळी लिहून द्या म्हणून निरोप पाठवला. चार ओळींत तुझं माहेर आलं असतं, आखातातला मुलगा आला असता, मनमिळाऊ स्वभाव आला असता. मनमिळाऊ तू नव्हतीस. तू भांडखोर होतीस, चौकस होतीस आणि गावात कुणाच्या घरी काय शिजतंय ते चुलीवरून उतरायच्या आधी तुला ठाऊक असायचं. तेव्हा त्या ओळी राहू देत. मी तुझ्याशीच बोलतो.

आपल्या गावात फोन आला तो तुझ्या घरापर्यंत आला. पोलादपूरच्या एक्स्चेंजपासून खांब निघाले, हायवे सोडून आत वळले, आंब्याफणसांतून वाट काढत तुझ्या अंगणात येऊन थांबले. पुढं नदी, आणि नदीपलीकडं चढावर आमची वाडी. माझ्या बापानं आणि वाडीतल्या दोघातिघांनी फोनसाठी अर्ज केले होते. टेलिफोन खात्याचा माणूस येऊन नदी बघून गेला. वाडीत घरं थोडी, मध्ये पात्र, पलीकडं कातळ, खांब रोवणार कुठं. अर्ज तसेच राहिले. आमच्यासाठी जग तुझ्या अंगणातल्या शेवटच्या खांबाशी संपत होतं.

मग इम्तियाज कुवेतहून पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा ब्लँकेटमध्ये गुंडाळून एक खोकं घेऊन आला. तुझा एकुलता एक मुलगा, त्यानं आईसाठी सोनं आणायचं तर हे आणलं, म्हणून तू चार दिवस धुसफुसत होतीस. लांब पल्ल्याचा कॉर्डलेस. त्याचा ठोकळा घरात तारेला जोडायचा, छपरावर दांडी उभी करायची, आणि हातातला फोन घेऊन कुठंही जायचं. इम्तियाज तो कानाला लावून साकव ओलांडून वाडीत आला आणि आमच्या ओटीवरून त्यानं तुला हाक मारली. तू म्हणालीस, "जेवायला ये, तिथं काय करतोस." एवढंच बोललीस. पण तो सुट्टी संपवून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तू हातातला फोन माझ्या आईकडं दिलास. "घरात मी एकटी. मला फिरता फोन कशाला? ठोकळा माझ्याकडं, हे तुझ्याकडं. पोरगा पुण्याला शिकायला चाललाय ना तुझा?"

त्या दिवसापासून आमच्या वाडीला फोन आला. पुण्याहून पोलादपूरपर्यंत तार, पोलादपूरहून तुझ्या खिडकीपर्यंत तार, आणि तिथून नदीवरून हवा. पुढं नोकरीत लागल्यावर प्रशिक्षणात आम्हाला शेवटच्या मैलाबद्दल शिकवलं. एक्स्चेंजपासून माणसाच्या दारापर्यंतचा जो तुकडा, तोच सगळ्यात महाग आणि सगळ्यात अवघड, तार जात नसेल तिथं बिनतारी जोड द्यावी, असं साहेब फळ्यावर आकृती काढून सांगत होते. मला त्या आकृतीत तुझं छप्पर दिसत होतं. हात वर करून सांगावंसं वाटलं होतं.

आईनं त्या फोनला एक जुनं झबलं शिवून घातलं होतं आणि तो शिंक्यात ठेवायची. बोलताना ती अंगणाच्या कडेला यायची, तुझ्या घराकडं तोंड करायची आणि नदीपलीकडं ऐकू जाईल एवढ्यानं ओरडायची. वाडीत सगळेच तसे बोलायचे. आवाज तुझ्या छपरावरच्या दांडीपर्यंत आपण पोचवायचा, पुढचं यंत्र बघेल, असा सगळ्यांचा समज. वाडीत वीज जेमतेम, म्हणून फोनच्या दोन बॅटऱ्या होत्या. सकाळी आई तुझ्याकडं दुधाची चरवी घेऊन यायची ती उतरलेली बॅटरी पदरात बांधून, आणि जाताना रिकामी चरवी आणि भरलेली बॅटरी घेऊन जायची. नदीला पूर आला, साकव बुडाला की दूधही थांबायचं आणि फोनही.

मी पुण्याहून रविवारी फोन करायचो. खिडकीतला खात्याचा फोन तू उचलायचीस.

"कोण?"

"खाला, मी सुधीर."

"जेवलास?"

"जेवलो. आईला दे ना."

"देते. घाई बघा." मग ठोकळ्यावरचं बटण दाबायचीस, पलीकडं शिंक्यात फोन किणकिणायचा. आईनं तो घेईपर्यंत तुला रिसीव्हर धरून ठेवावा लागे, नाहीतर फोन कटायचा. आई ओरडायची, "हां, बोल." तू म्हणायचीस, "लागला गो सुमन. ठेवते हां." आणि खाली ठेवल्याचा खट्ट आवाज कधी यायचा नाही.

मला ते पहिल्या महिन्यातच कळलं होतं. आईलाही ठाऊक होतं, पण तिला त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटायचं. मेसचं जेवण, चप्पल तुटली, मुलं माझ्या बोलण्याला हसतात, हे आईला सांगताना मधे तुझा श्वास ऐकू यायचा. कधी कढईत काही पडल्याचा चर्र आवाज. मला लाज वाटायची, आणि ती तुझी नाही, आमची. आमच्या घरात बोलायला आमची स्वतःची तार नाही, दुसऱ्याच्या घरातून, दुसऱ्याच्या मेहरबानीवर आईशी बोलायचं, याची.

त्यातलाच तो रविवार. दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला होता. एसटीडी बूथच्या काचेबाहेर माणसं खोळंबली होती.

"आई, माझं वर्ष गेलं."

"कुठं गेलं?"

मग तुझा आवाज आला. "नापास झाला गो तो. असं सरळ सांग ना रे तिला."

"खाला, तू ठेवला नाहीस?"

"ठेवते, ठेवते. परत कधी बसणार परीक्षेला?"

"नाही बसणार. घरी येतो. बिरवाडीत खोली घेतो, कंपनीत लागतो. ओळखीचा एक जण आहे."

"बिरवाडीत खोल्या भाड्यानं देणारे अर्धे माझे नातेवाईक हायत. एकपण तुला खोली देणार नाय. आजच सांगून ठेवते."

आई मधेच म्हणाली, "हलिमा, त्याला रडवू नको गो."

"मी कुठं रडवते? तो आधीच रडतोय. ऐकू येतंय मला."

खरंच रडत होतो. काचेबाहेरचे बघत होते. मी फोन आपटला आणि त्या दिवशी तुझा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आलेला नाही. बिरवाडीची खोली मात्र मनातून गेली. तू खरंच नातेवाइकांना सांगशील याची मला खात्री होती.

दिवाळीत घरी आलो तो आधी तुझ्याकडं भांडायला आलो. तू अंगणात तांदळाच्या भाकऱ्या थापत होतीस.

"दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये, खाला."

"दुसरा कोण? माझ्या घरातून बोलतोस, माझ्या तारेवरून बोलतोस, आणि दुसरा?"

"आई आणि मी बोलत असतो. लागला की ठेवून द्यायचा."

"ठेवते की."

"ठेवत नाहीस."

तू भाकरी उलटलीस. "बरं, ऐकते. मग? गावात कुणाला बोलले का?"

नव्हतीस बोलली. कुणाची सून माहेरी का गेली, कुणाचा मुलगा मुंबईत कुठल्या मुलीबरोबर दिसला, हे सगळं तुझ्याच खिडकीतून गावात जायचं. पण माझं वर्ष गेलेलं माझ्या बापालासुद्धा तुझ्याकडून कळलं नाही. तरी मी म्हणालो, "तो प्रश्नच नाही." तू म्हणालीस, "मग प्रश्न काय हाय तो शिकून ये, आणि सांग." ते भांडण तिथंच राहिलं. पुढं किती वर्षं, मी आलो की तू विचारायचीस, "कळला का रे प्रश्न?" आणि मी हसून विषय बदलायचो.

मी पास झालो. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस. खात्यात नोकरी लागली, आणि काही वर्षांनी बदली होऊन महाडलाच आलो. तोवर हायवेच्या कडेनं काचेची केबल पुरली होती, पोलादपूरला टॉवर उभा राहिला होता आणि खेड्यापाड्यांत बिनतारी फोन द्यायचे असं वरून ठरलं होतं. आमची वाडी चढावर, टॉवरच्या समोर. तुझं घर मात्र टेकाडाच्या आड. मी यादीत वाडीचं नाव घातलं, पाठपुरावा केला, स्वतः छपरांवर चढून अँटेनांची तोंडं पोलादपूरकडं फिरवली. वाडीतल्या घराघरांत फोन वाजायला लागले. त्यात मी काही चूक केली असं मला आजही वाटत नाही. मग शरम कसली वाटते, ते सांगतो.

वाडीनं माझा सत्कार ठरवला. शाळेच्या पटांगणात मांडव, व्यासपीठावर माझे साहेब, गुरुजी, सरपंच. त्या सकाळी तू माझ्याकडं आलीस. गुडघे दुखत होते तरी साकव ओलांडून आलीस.

"भाषणात माझं नाव घ्यायचं नाय हां."

"का म्हणून? मी तर तुझ्यापासूनच सुरुवात करणार होतो."

"माझ्या यंत्राला लायसन नाय. इम्तियाज मागेच बोलला होता. तुझा साहेब समोर बसणार."

"आता कोण विचारतंय, खाला."

"तू विचारणाऱ्यांतला झालायस आता," तू म्हणालीस.

मी नाव घेतलं नाही. तू सांगितलं होतंस म्हणून नाही घेतलं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण खरं सांगू का, तू ते सांगायला आलीस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. मी भाषणात समजावून सांगितलं, पोलादपूरपर्यंत तार येते, तिथून पुढं हवेतून. तुम्ही दारात उभे असता तो शेवटचा मैल हवेनं जोडला आहे. गुरुजी म्हणाले, वाडीचा आवाज सुधीरनं प्रथमच नदीपार नेला. टाळ्या वाजल्या. तू बायकांच्या रांगेत, आईच्या शेजारी बसली होतीस. तूही वाजवल्यास. आई वाजवत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती, आणि ती नजर मला अजून विसरता येत नाही.

संध्याकाळी मी शाल आणि नारळ घेऊन तुझ्याकडं आलो. तू शाल परत केलीस. "ही तुझी. नारळ ठेव, सोलकढी करते." मग म्हणालीस, "तार माझ्या घरापर्यंत, पुढं हवा. तुझ्या सरकारनं माझंच उचललंय रे." हसत म्हणालीस. मीही हसलो.

त्याच आठवड्यात आई झबल्यातला फोन तुला परत देऊन आली. दूध घालायला ती येतच राहिली, पण पदरात बॅटरी नव्हती. पुढचं मला आईनंच सांगितलं, तेही फार उशिरा. वाडीतली माणसं निरोप द्यायला, निरोप घ्यायला, पुण्यामुंबईच्या फोनची वाट बघत तुझ्या ओटीवर बसायची, ती यायची बंद झाली. रविवारी तुझी खिडकी वाजेनाशी झाली. इम्तियाजचा फोन शुक्रवारी, तेवढाच. "हलिमा म्हणते, आता मला कोण काय सांगणार," आई म्हणाली. मी लगेच महाडहून मोबाइल आणून दिला तुला. तुझ्या घरात त्याला रेंज नव्हती. ती नाही हे मला, खात्यातल्या माणसाला, आधीच माहीत असायला हवं होतं, आणि होतंही. काहीतरी दिलं एवढं मला हवं होतं. तू त्याचा उजेड पाडून कोंबड्यांचं खुराडं तपासायचीस.

महाडहून तुझं घर जीपनं किती लांब. वरंधच्या लाइनवर बिघाड असला तर मी दिवस दिवस तिकडं काढायचो, पण आपल्या फाट्यावर उतरून तुझ्याकडं बसायला जमायचं नाही. एकदा तूच आईकडून निरोप पाठवलास, "प्रश्न राहिलाय म्हणावं." आलो नाही. मग आईचाच फोन आला, तिच्या स्वतःच्या फोनवरून, स्वच्छ आवाजात. न ओरडता म्हणाली, "हलिमा गेली रे."

मी आलो तेव्हा तुला न्यायची तयारी चालली होती. तुझा फोन वाजला. इम्तियाज होता. त्याला विमान मिळून तो पोचेपर्यंत थांबता येणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. तो म्हणाला, "सुधीर, मला माती देतानाचं नुसतं ऐकव रे. दुसरं काय नको." कबरस्तान नदीकाठी, टेकाडाच्या पार खाली. मोबाइलचा तिथं उपयोग नाही. मी हे त्याला सांगत होतो, आणि तो एकदम म्हणाला, "ते यंत्र हाय का अजून?"

फळीवर होतं. झबल्यासकट. तू ते धुऊन ठेवलं होतंस. बॅटऱ्या फुगून गेल्या होत्या. मी विजेरीतले सेल काढले, तारेनं बांधून फोनला जोडले. छपरावर चढून दांडीचा गंजलेला सांधा सुरीनं खरवडला. खात्याच्या माणसानं बिनपरवाना यंत्र चालू करणं म्हणजे काय, हे मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. खाली अंगणात चार माणसं बघत होती. ठोकळ्यावरचा दिवा लागला तेव्हा मात्र मला सत्कारात वाटलं नव्हतं ते वाटलं.

मशिदीतल्या एका म्हाताऱ्या चाचांच्या हातात मी झबल्यातला फोन दिला, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. जनाजा निघाला. मला तुझ्याबरोबर यायचं होतं, खाला. पण इम्तियाजचा फोन आला की कुणीतरी खिडकीत उचलायला हवा, ठोकळ्यावरचं बटण दाबायला हवं, पलीकडं घेईपर्यंत रिसीव्हर धरायला हवा. ते काम येणारी तूच होतीस. तुझ्यानंतर मी. मी राहिलो.

घरात बायका पढत होत्या. आई माझ्याजवळ खाली बसली होती. फोन वाजला, मी उचलला, बटण दाबलं. खूप वेळ नुसती खरखर. मग चाचांचा आवाज, आईसारखाच ओरडून, "हां, बोल."

इम्तियाज म्हणाला, "ऐकतोय मी."

सेल कमजोर होते. दोनदा पलीकडचं तुटलं. मी रिसीव्हर खाली ठेवला असता तर कुवेतची लाइन गेली असती आणि पुन्हा कधी लागली असती कुणास ठाऊक. माझ्या हातात होता म्हणून राहिली. दोन्ही वेळा मी पुन्हा बटण दाबलं आणि पलीकडं पुन्हा लागलं. तेव्हा मला आमच्या उतरत्या बॅटऱ्या आठवल्या, आईचा आवाज मधेच जायचा आणि परत यायचा ते आठवलं. तो परत कसा यायचा, हे एवढं शिकून मी कधी विचारलं नव्हतं. तू तेवढ्यासाठीच ऐकत होतीस असं मी म्हणणार नाही. तुला ऐकायलाही आवडायचं. दोन्ही खरं असेल.

तिसऱ्या वेळी सेल सांभाळून राहिले. लाइन नीट लागली होती. आता मी रिसीव्हर नुसता फळीवर आडवा ठेवला असता तरी चाललं असतं. मुलगा आईला निरोप देत होता, ते दुसऱ्यानं ऐकायचं नसतं. आधी दुवा ऐकू आली. मग माती पडल्याचा आवाज, एकेक मूठ, फार हळू. त्यात माझी नव्हती. इम्तियाज रडत होता. मध्ये थांबून त्यानं विचारलं, "सुधीर, हायस का रे?"

मी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "लागला ना रे त्याला? मग ठेव आता."

"ठेवतो," मी म्हणालो. आणि ठेवला नाही.